रोटाहेलर, कॅप्सूल आणि दम: पावडरच्या इनहेलरबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मला दमा आहे, नऊ वर्षांची होते तेव्हापासून. माहेर चिपळूणकडचं, आता पुण्यात. सोसायटीत, ऑफिसात, नात्यात कुणालाही डॉक्टरांनी इनहेलर लिहून दिला की पहिला फोन मला येतो, आणि गेली कित्येक वर्षं मी तीच तीच उत्तरं देतेय, म्हणून एकदाची लिहूनच काढली. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. डोस किती, कुठलं औषध, कधी बंद करायचं हे सगळं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. इथे फक्त ते आहे जे डॉक्टरांच्या सात मिनिटांत विचारायचं राहून जातं. आणि रोटाहेलर म्हणजे ते छोटं मशीन, ज्यात कॅप्सूल फोडून तिच्यातली पावडर श्वासाने आत ओढायची.

रेस्क्यू इनहेलर म्हणजे नक्की कुठला? मला दोन दिलेत, दोन्ही सारखेच दिसतात

दम लागला, छाती आवळली, शिट्टी वाजायला लागली की त्या क्षणी घ्यायचा तो रेस्क्यू. यात बहुतेक वेळा साल्ब्युटामॉल असतं, म्हणजे आपल्याकडचं ॲस्थालिन, किंवा त्याचंच भावंड लेव्होसाल्ब्युटामॉल. औषध १९६९ सालापासून वापरात आहे, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठं. श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळलेले असतात ते हे सैल करतं, साधारण पाच मिनिटांत फरक कळायला लागतो आणि चार ते सहा तास टिकतो.

दुसरा जो असतो तो रोजचा, सकाळ-संध्याकाळचा, त्यात स्टेरॉइड असतं. तो आतली सूज उतरवतो, पण सावकाश, काही दिवस-आठवडे घेऊन. दम्यात मूळ भानगड सुजेची असते, स्नायू आवळणं हा तिचा परिणाम. त्यामुळे नुसता रेस्क्यू ओढत बसणं म्हणजे घरात पाणी गळतंय आणि आपण खाली बादल्या बदलतोय, वर कौल बघायला कुणी चढतच नाहीये.

आता गोंधळ कुठे होतो, तर फोराकॉर्टसारख्या औषधात ब्युडेसोनाइड (हे स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (हे नळ्या मोकळ्या करणारं) दोन्ही असतात, आणि फॉर्मोटेरॉलही काही मिनिटांतच काम सुरू करतं. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर तेच एक औषध रोजचं पण आणि दम लागल्यावर पण घ्यायला सांगतात. तुमच्या चिठ्ठीवर तसं लिहिलंय का ते बघा. आपल्या मनाने ठरवू नका, कारण अशी जोडगोळी असलेली सगळीच औषधं तशी वापरता येत नाहीत. आणि कॅप्सूलच्या रंगावर जाऊ नका, बाटलीवरचं नाव वाचा. मी आईच्या बाटल्यांवर स्केचपेनने "रोज" आणि "दम लागला तर" असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

पंप आणि पावडर यात फरक काय, औषध तर एकच ना?

औषध एकच, पण ते आत कोण नेतं यात सगळा फरक.

पंपात दाबाखालचा गॅस असतो, डबी दाबली की तो औषध बाहेर फेकतो. हा पंप १९५६ साली बाजारात आला, आणि त्याची गोष्ट अशी सांगतात की अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं होतं, माझं औषध हेअरस्प्रेसारखं डबीतून का नाही मिळत? पावडरच्या इनहेलरमध्ये ढकलणारं कुणी नाही. गॅस नाही, बटण नाही, स्प्रिंग नाही. कॅप्सूल उघडते, पावडर तिथेच पडून राहते, आणि तुम्ही जेवढ्या जोरात ओढाल तेवढी ती आत जाते. म्हणजे इंजिन तुमची छाती.

म्हणून दोन्हींची पद्धत अगदी उलटी आहे, आणि इथेच लोक फसतात. पंप सावकाश ओढायचा, पावडर झटक्यात आणि जोरात. जो माणूस दहा वर्षं पंप घेतोय त्याला रोटाहेलर दिला की तो तशीच हळूहळू ओढतो, पावडर जिभेवर आणि घशातच बसते, आणि मग म्हणतो ह्या कॅप्सूलला काही दम नाही.

एकदा नीट सांगा ना, रोटाहेलर घ्यायचा कसा?

बसा किंवा उभे राहा, आडवं पडून नको. हात कोरडे करा, हे फार महत्त्वाचं आहे, भांडी घासता घासता ओल्या हाताने कॅप्सूल काढायची नाही. मशीन उभी धरा, तोंडात धरायचा भाग वर. वरती चौकोनी भोक असतं त्यात कॅप्सूल घाला, पारदर्शक बाजू खाली, आणि बोटाने दाबून तिचं वरचं टोक भोकाच्या काठाला समपातळीत आणा. मग खालचा भाग फिरवा, पार अडेपर्यंत. आत टक् असं होतं, कॅप्सूलची दोन शकलं होतात आणि पारदर्शक भिंतीतून पावडर पडलेली दिसते. नाही दिसली तर कॅप्सूल उघडलेलीच नाही, तशीच ओढू नका.

आता श्वास पूर्ण बाहेर सोडा, पण मशीनमध्ये नाही, तोंड बाजूला करून. मग ओठ घट्ट लावा, दात आणि जीभ मध्ये येऊ देऊ नका, डोकं किंचित मागे, आणि तोंडाने एकदम जोरात, खोल, एका दमात ओढा. आतल्या आत कॅप्सूलची टरफलं खडखडतात, तो आवाज आला की समजायचं ओढ बरोबर बसली. मशीन बाहेर काढा आणि श्वास धरून ठेवा, मनात दहापर्यंत मोजा. नाही जमले दहा तर जमतील तेवढे. नंतर मशीनमध्ये बघा, पावडर उरली असेल तर त्याच कॅप्सूलवर परत एकदा ओढा. शेवटी उघडून टरफलं टाकून द्या.

रिव्होलायझर, म्हणजे कॅप्सूलचंच दुसऱ्या प्रकारचं मशीन, असेल तर फिरवायची भानगड नाही, झाकण उघडून कॅप्सूल ठेवायची आणि बंद करायचं, आतल्या पिना तिला टोचतात. बाकी ओढायचं सगळं तसंच.

आणि हे सगळं पहिल्यांदा दम लागलेला असताना शिकायला जाऊ नका. बरं वाटत असताना, दुपारी निवांत, आरशासमोर रिकाम्या मशीनवर चार-पाच वेळा करून बघा. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा मशीन सोबत न्या आणि त्यांच्यासमोर घेऊन दाखवा. मी सतरा वर्षं इनहेलर घेतल्यावर एका डॉक्टरीण बाईंनी सहज "घेऊन दाखवा बघू" म्हटलं आणि कळलं की मी आधी श्वास बाहेर सोडतच नव्हते. छाती अर्धी भरलेली, मग आत ओढणार किती?

लोक काय काय चुका करतात?

सगळ्यात मोठी चूक माझ्या आजीने केली होती. तिला मेडिकलमधून बाटली आणून दिली, मशीन पिशवीतच राहिली, आणि बाटलीत कॅप्सूल दिसतायत म्हटल्यावर ती त्या चहाबरोबर गिळत होती, आठ दिवस, इमानदारीने, सकाळ-संध्याकाळ. फोनवर विचारलं की सांगायची, "घेत्ये ग बाई, पण छाती काय मोकळी होत नाय." मी गावी गेले तेव्हा फळीवर मशीनचं खोकं सील न फोडलेलं बघितलं. हसू नका, हे खूप घरांत होतं, कारण दिसायला ती गोळीसारखीच आहे आणि कुणी सांगितलेलंच नसतं. गिळलेल्या इनहेलरच्या कॅप्सूलने विषबाधा वगैरे होत नाही, पण त्यातला डोस नळ्यांपर्यंत थेट पोचायच्या हिशोबाने इतका छोटा असतो की पोटातून त्याचा दम्याला काडीचा उपयोग नाही.

बाकीच्या चुका म्हणजे मशीनमध्ये फुंकर मारणं (तोंडातली वाफ पावडरला लागते आणि तिचे गोळे होतात), कालचं टरफल आत तसंच असताना नवी कॅप्सूल घालणं, सकाळी घाई नको म्हणून रात्रीच कॅप्सूल मशीनमध्ये भरून ठेवणं, आणि ओढून झाल्या झाल्या "हां झालं" असं बोलणं. बोललात की श्वास सुटला.

ओढल्यावर आत काही गेलंच नाही असं वाटतं. वाया गेलं का?

नाही. पंपाचा घशाला गार फवारा लागतो त्यामुळे काहीतरी घेतल्यासारखं वाटतं. पावडरचं तसं नाही. ॲस्थालिनच्या कॅप्सूलमध्ये औषध २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. एवढंसं हाताळता यावं म्हणून त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर मिसळलेली असते. तुम्हाला डोळ्याने दिसते ती पावडर जवळजवळ सगळी साखरच. तिचे कण मोठे, ते घशात बसतात म्हणून जिभेला किंचित गोडूस लागतं. औषधाचे बारीक कण खाली जातात, ते जाणवत नाहीत. काही जण जाणवलं नाही म्हणून लगेच दुसरी, तिसरी कॅप्सूल फोडतात, तसं करू नका. मशीन उघडून बघा, टरफलं रिकामी आहेत ना? मग गेलं. पावडरच्या कॅप्सूलचा हा एक मोठा फायदा मला वाटतो, पंपात किती उरलंय ते हलवून अंदाज घेत बसावं लागतं, इथे डोळ्याला दिसतं.

दम इतका लागलाय की ओढताच येत नाही, तेव्हा काय?

हा प्रश्न खरं तर पहिला विचारायला हवा, पण कुणी विचारत नाही, कारण बाटली घेताना आपण बरे असतो.

जेव्हा औषधाची सगळ्यात जास्त गरज, नेमका तेव्हाच ओढायचा जोर कमी. बऱ्याच पावडरच्या इनहेलरना मिनिटाला ३० ते ६० लिटरच्या वेगाने श्वास आत ओढावा लागतो, काहींना त्याहून जास्त. साध्या, मध्यम दम्याच्या झटक्यात बहुतेक मोठ्या माणसांना तेवढं जमतं. पण मोठा झटका, थकलेला म्हातारा माणूस, छोटं पोर, यांना जमेलच असं नाही. त्यात हात थरथरत असताना कॅप्सूल काढायची, चौकोनात घालायची, फिरवायची. मी एकदा रात्री अडीच वाजता लाइट गेलेले असताना तीन कॅप्सूल गादीवर सांडल्या आहेत आणि चौथी उलटी घातली आहे, तेव्हापासून मी याबाबतीत फार कडक झाले.

म्हणून माझं सरळ मत: पावडर वापरत असाल तरी घरात साल्ब्युटामॉलचा एक पंप आणि स्पेसर असूच दे. स्पेसर म्हणजे तो प्लास्टिकचा फुगीर डबा, पंप त्यात उडवायचा आणि डब्यातून साधे श्वास घ्यायचे, जोर लागत नाही. डॉक्टरांना म्हणा, मला अडीअडचणीसाठी तो पण लिहून द्या.

आणि घरातल्या सगळ्यांना ही लक्षणं पाठ पाहिजेत: एक वाक्य एका श्वासात पूर्ण बोलता येत नाही, मान आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ किंवा नखं निळसर, गुंगी, किंवा आधी शिट्टी वाजत होती ती एकदम बंद झाली पण माणूस घुसमटतोच आहे. ही शेवटची खूण फसवी आहे, लोकांना वाटतं आराम पडला, खरं तर हवाच हलत नसते. असं काही दिसलं तर "सकाळी बघू" नाही, लगेच १०८ ला फोन किंवा जी गाडी मिळेल ती काढून हॉस्पिटल. आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये मोठ्या झटक्याला पंप आणि स्पेसरने ४ ते १० पफ, एकेक करून, पहिल्या तासात दर २० मिनिटांनी असं दिलेलं आहे, पण ते हॉस्पिटलकडे निघालेलं असताना करायचं काम आहे, घरी बसून वाट बघायचं नव्हे. तुमच्यासाठी नेमका आकडा काय ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा. आमच्याकडे गॅसच्या बुकिंग नंबरच्या शेजारी आहे.

आणखी एक, झटक्यात रुग्णाला झोपवू नका. आपल्याकडे लगेच "आडवी हो, आडवी हो" सुरू होतं आणि दहा माणसं भोवती कोंडाळं करतात. बसवा, थोडं पुढे झुकवा, खिडकी उघडा, आणि कृपा करून डोक्याशी व्हिक्स आणि उदबत्ती नको.

दिवसातून, आठवड्यातून किती वेळा घेतला म्हणजे जास्त झालं?

गेल्या चार आठवड्यांत रेस्क्यूची गरज आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागली असेल तर दमा ताब्यात नाही, एवढं सोपं आहे. डॉक्टर हाच प्रश्न विचारतात आणि आपण म्हणतो "अधूनमधून". अधूनमधून म्हणजे किती?

म्हणून मला कॅप्सूलची बाटली आवडते, ती खोटं बोलू देत नाही. ३० ची बाटली असते. उघडल्याची तारीख बुडाला लिहा. माझी एक मावशी मला म्हणाली, मी क्वचितच घेते ग. बाटलीवर तारीख टाकायला लावली, अकरा दिवसांत संपली. तिला स्वतःलाच धक्का बसला, कारण एकेक कॅप्सूल जिना चढल्यावर, फोडणीचा ठसका लागल्यावर, मंदिरातल्या धुपामुळे, असं प्रत्येकीला कारण होतं आणि बेरीज कुणी केलीच नव्हती.

घाबरवत नाही, पण ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंचा तपास करून २०१४ साली अहवाल आला होता. ज्यांच्या चिठ्ठ्यांची नोंद सापडली त्यांच्यातल्या ३९ टक्के लोकांना शेवटच्या वर्षात १२ पेक्षा जास्त रेस्क्यू इनहेलर लिहून दिलेले होते. इनहेलरने मारलं असं नाही, तर आतली सूज वाढत गेली आणि वरचा आराम तेवढ्यापुरता मिळत राहिला. म्हणूनच २०१९ पासून जीना ही दम्याची जागतिक गाइडलाइन म्हणते की मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांपुढच्या मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवूच नका, सोबत स्टेरॉइडचा इनहेलर हवाच. तुम्हाला वर्षानुवर्षं फक्त ॲस्थालिनच चालू असेल आणि मेडिकलवाला ओळखीचा म्हणून चिठ्ठीशिवाय देत असेल, तर या आठवड्यात डॉक्टरला भेटा.

सवय लागते म्हणतात. एकदा सुरू केला की सुटत नाही?

हा प्रश्न मला माझ्या सासूबाईंनी साखरपुड्याच्या आधी विचारला होता. चष्म्याची सवय लागते का? लागते ना, दिसायला लागतं म्हणून. इनहेलरचं तेवढंच. यात नशा नाही. मात्र साल्ब्युटामॉल सतत, रोज, भरमसाट घेतलं तर त्याचा असर थोडा कमी होत जातो हे खरं आहे, आणि ते रोजचं औषध नीट घेण्याचंच आणखी एक कारण आहे.

गोळी बरी की इनहेलर, असंही विचारतात. गोळीतला डोस मिलिग्रॅममध्ये, इनहेलरचा मायक्रोग्रॅममध्ये, आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. गोळी रक्तातून सगळ्या अंगात फिरून येते, हा थेट जागेवर जातो. तरी लोकांना गोळी सौम्य आणि इनहेलर "शेवटची स्टेज" वाटतो, का ते मला आजतागायत कळलं नाही.

घेतल्यावर हात थरथरतात, छातीत धडधडतं

साल्ब्युटामॉलने होतं, विशेषतः सुरुवातीला. बहुतेकांचं थोड्या वेळात जातं. मी त्या वेळात चहाचा कप हातात घेत नाही, बस. पण धडधड थांबतच नाही, छातीत दुखतंय, आधीपासून हृदयाचा त्रास आहे, पायात गोळे येतायत (जास्त डोसमध्ये रक्तातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं) तर डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइडवाली कॅप्सूल असेल तर घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरा थर धरतो आणि आवाज बसतो. मी दात घासायच्या आधी घेते, चूळ आपोआप भरली जाते.

पावसाळ्यात कॅप्सूल खराब होतात का?

होतात! कोकणातल्या लोकांनी तर हे लक्षात ठेवायलाच पाहिजे. पावडरला ओल चालत नाही. मूळ बाटलीतच ठेवा, आत जी छोटी पुडी असते ती फेकू नका, झाकण लगेच घट्ट लावा, आणि बाटली बाथरूमच्या कपाटात किंवा गॅसच्या वरच्या फळीवर नको. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढली की घाम धरते.

माझा मूर्खपणा सांगते. श्रावणात सिंहगड चढायला गेलो होतो, पिशवीत ओझं नको म्हणून मशीन आणि दोन सुट्या कॅप्सूल विंडचीटरच्या खिशात टाकल्या. अर्ध्या वाटेवर धुकं, गारठा, छाती भरून आली. कॅप्सूल काढली तर ती मऊ पडलेली, चेपलेली, भोकात सरळ बसेना. फिरवली तर तुटायच्या ऐवजी पिळवटली. दुसरी उघडली, तर पावडर आत ओल्या मिठासारखी एका बाजूला चिकटून बसलेली, ओढलं तरी जागची हलली नाही. मागून येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाकडे पंप होता म्हणून निभावलं. तेव्हापासून पूर्ण बाटली झिपच्या पिशवीत, आणि ट्रेकला पंपच.

उन्हाळ्यात पार्किंगमधल्या गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका, पंप तर नकोच नको, त्यात दाबाखालचा गॅस आहे.

उपासाला चालतो का? आणि कॅप्सूल शाकाहारी असते का?

चतुर्थीला माझ्या एका काकू दिवसभर दम सहन करत बसल्या होत्या, म्हणे चंद्रोदयानंतर घेते. चालतो हो. ते खाणं नाहीये. गणपतीबाप्पाची काही हरकत नसावी.

टरफल बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, काही कंपन्यांचं वनस्पतिजन्य असतं, बाटलीवर बघा किंवा केमिस्टला विचारा. पण टरफल खायचं नसतंच, ते कचऱ्यात जातं. दूध पचत नाही, पोट फुगतं अशांना एवढ्याशा लॅक्टोजने काही होत नाही. मात्र दुधाच्या प्रोटीनची खरीखुरी जोरदार ॲलर्जी असेल तर पावडर घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण लॅक्टोजमध्ये दुधाच्या प्रोटीनचा अंश असू शकतो.

लहान मुलांना आणि आजी-आजोबांना पावडर द्यावी का?

पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना साधारण देत नाहीत, त्यांना सांगून जोरात ओढता येत नाही. त्यांच्यासाठी पंप, स्पेसर आणि मास्क. मोठ्या मुलांना जमतं, फक्त शाळेत एक मशीन आणि बाटली ठेवा आणि वर्गशिक्षिकेला भेटून दाखवून या, डायरीत चिठ्ठी लिहून भागत नाही.

म्हाताऱ्या माणसांचं वय न बघता दोन गोष्टी बघा, बोटांना कॅप्सूल पकडता येते का आणि ओढ आहे का. मोतीबिंदू, संधिवात, थरथर असेल तर चौकोनी भोकात कॅप्सूल घालणं हे सुईत दोरा ओवण्याइतकंच अवघड. आणि गावाकडच्या बायका ज्यांनी उभा जन्म चुलीपुढे काढला त्यांना बऱ्याचदा दमा नसून सीओपीडी, म्हणजे धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असतो, बिडी-सिगारेटला हात न लावता. त्यांचं औषध वेगळं पडू शकतं, तेव्हा शेजारणीची बाटली उसनी नको, एकदा फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या.

कोजागिरीचं औषध, हैदराबादचा मासा, हे करून बघू का?

आमच्या घरात दोन्ही झालंय. कोजागिरीला चंद्रप्रकाशात ठेवलेल्या दुधातून किंवा खिरीतून दम्याचं औषध महाराष्ट्रात ठिकठिकाणी देतात, आणि मृग लागला की हैदराबादला जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो गिळवतात, त्याला आपल्याकडनंही माणसं जातात. मला मासा गिळवायचं बाबांच्या मनात होतं, आईने अडवलं. खीर मी तीन वर्षं खाल्ली. तिसऱ्या वर्षी रात्रभर उघड्यावर दव अंगावर घेत बसल्यामुळे पहाटे मला वाफेचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, लावायला नेली.

श्रद्धेवर मी बोलणार नाही. पण "हे घेतल्यावर इंग्रजी औषध बंद करायचं" अशी अट जिथे असेल तिथे जाऊ नका. जायचंच असेल तर खिशात बाटली आणि मशीन घेऊन जा.

दुसऱ्या औषधांशी काही भांडण?

आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. ब्लडप्रेशर, मायग्रेन, घाबरल्याच्या त्रासाला दिलेली प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी श्वासनळ्या आवळू शकते आणि साल्ब्युटामॉलचा परिणाम अडवू शकते. एवढंच काय, काचबिंदूचे टिमोलॉलचे डोळ्यात घालायचे थेंबसुद्धा! आमच्या शेजारच्या आजोबांचा दम अचानक वाढला, सगळे कबुतरांना शिव्या देत होते, शेवटी छातीच्या डॉक्टरांनी विचारलं डोळ्यात काय घालता. तसंच काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन या वेदनाशामकांनी झटका येतो. म्हणून डोळ्याचे, दाताचे, हाडाचे, कुठलेही डॉक्टर असोत, आत शिरल्या शिरल्या सांगायचं, मला दमा आहे.

गरोदरपणात?

मी घेतला, दोन्ही वेळा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड यांचा गरोदरपणातला अनुभव मोठा आहे आणि डॉक्टर सहसा चालूच ठेवतात, कारण आईला हवा कमी पडली तर बाळालाही कमी पडते. बंद करण्याचा निर्णय सासर-माहेरच्या कमिटीने घेऊ नये.

पळायला, खेळायला जायच्या आधी घेतला तर चालतो?

पळाल्यावर दम लागणाऱ्यांना डॉक्टर तसं सांगतात, पळायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. खेळाडू असाल तर वाडाच्या, म्हणजे खेळातल्या उत्तेजक औषधांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या, नियमात इनहेलरच्या साल्ब्युटामॉलला मर्यादा आहे, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही आठ तासांत ६०० च्या वर नाही. २०० ची कॅप्सूल धरली तर आठ तासांत तीन. प्रशिक्षकांना आधीच सांगून ठेवा.

स्थळं बघतोय, मुलीच्या दम्याबद्दल सांगावं का?

मला हा प्रश्न दर लग्नसराईत येतो आणि दर वेळी फक्त मुलीच्याच आया विचारतात. सांगा. न सांगता लग्न झालेली एक मैत्रीण बाथरूममध्ये नळ सोडून इनहेलर घ्यायची, टरफलांची खडखड ऐकू जाऊ नये म्हणून. ओल्या बाथरूममध्ये, ओल्या हातांनी. पावडर काय आत जाणार तिच्या!

मशीन धुवायची कशी?

आठवड्यातून एकदा दोन्ही भाग सुटे करा, साध्या किंवा कोमट पाण्याखाली धरा, झटका आणि हवेवर पूर्ण वाळू द्या. फडक्याने आतून पुसू नका, धागे अडकतात. चीर गेली, फिरवताना सैल लागायला लागली की नवी घ्या, महाग नसते. मी दोन ठेवते, कारण पावसात एक मशीन वाळायला अख्खा दिवस लागतो आणि तेवढ्यात दम यायचा तो येतोच. रविवारी सकाळी ओट्याच्या कोपऱ्यात चार तुकडे वाळत असतात, आणि धाकटी विचारते, आई, आज कुठली शिट्टी घेऊन जाणार?